पट्ट्यातली कानखूण

ओर्दायाव्री, ६ नोव्हेंबर १९९४

राव्ना,

तुझा पत्ता गारेनआत्याने दिला. दिला म्हणजे काय, हरणाच्या दोन सुकवलेल्या मांड्या आणि एक जीभ घेऊन दिला. सख्खी बहीण माझी, पण दीड वर्ष तो कागद उशाखाली घेऊन झोपत होती.

कामाचं लिहितो. यंदा पहिला बर्फ ओला पडला. बूट ठेवला की फच् वाजतं, उचलला की टाचेला लोळा चिकटून येतो. खाली जमीन अजून गोठलेली नाही. बर्फगाडी शंभरेक पावलं गेली की तिच्या रबरी पट्ट्याच्या आत गोळे भरतात आणि थांबलं की तिथेच गोठतात. काल सकाळी पट्टा जमिनीला असा धरून बसला होता की मिक्कलने पहार आणली. पहारीने पट्टा सोडवणारा माणूस तुला माहीत आहेच. तो लग्नातही पहार घेऊन जाईल.

आपल्या जथ्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे रबरी दात बर्फ बघून तूच कापायचीस. मी नुसता हरणांचा माणूस. अशा बर्फाला तू काय केलं असतंस, ते कळव.

बाकी ठीक. कॉफीत घालायला चीज आहे. खाणारा एकच असल्यामुळे पुरून उरतं.

तुझा बाप,
इसात

*

त्रोंधाइम, २० नोव्हेंबर १९९४

बाबा,

पत्र मिळालं. दोनदा पाकीट बघितलं, चुकून आलंय का म्हणून.

ओल्या बर्फाचं सांगते. संध्याकाळी गाडी बंद करण्याआधी तिचा मागचा भाग उचलून ओंडक्यावर टेकवा, पट्टा हवेत मिनिटभर फिरवा, आतला बर्फ उडून जाऊ दे. मग बर्चच्या दोन ओंडक्यांवर गाडी उभी करा, जमिनीवर नाही. पट्ट्याला दातांच्या मधल्या जागेत अंगठा जाईल एवढी भोकं पाडा, दोन रांगा, म्हणजे गोळे बाहेर पडायला वाट मिळेल. दातांना हात लावू नका. नोव्हेंबरात दात कापणारा जानेवारीत चालत घरी येतो, हे तुमचंच वाक्य आहे.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मूठभर बर्फ माझ्या हातावर ठेवून विचारायचात, बोल, पट्टा कसा हवा. तीच परीक्षा पत्रातून घ्यायची असेल तर घ्या. पण एवढ्या मोठ्या अक्षरात लिहू नका. एका ओळीत चार शब्द, तेही कोळशाने काढल्यासारखे. मी बत्तीस वर्षांची आहे, पहिलीत नाही.

इथे मी बसगाड्यांच्या कारखान्यात आहे. त्या वसंतात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की जिला बर्फ वाचता येत नाही तिने डांबरावर काम करावं. तर करते आहे. डांबर वाचायला सोपं असतं.

राव्ना

*

ओर्दायाव्री, १२ जानेवारी १९९५

राव्ना,

भोकं पाडली. मिक्कलच्या गाडीच्या पट्ट्यालाही पाडली. तो म्हणाला, चांगल्या पट्ट्याची चाळणी केलीत. आठवड्याने येऊन म्हणाला, आमच्या दुसऱ्या गाडीलाही करा. तुझं नाव मी सांगितलं नाही, पण त्याला कळलं. दातांच्या मध्ये अंगठ्याएवढ्या भोकांच्या दोन रांगा बघितल्या की तो तुझी पद्धत ओळखतो.

आता बर्फ खोल आहे. माणूस कमरेपर्यंत जातो. वरचा मऊ, तोंडात घेतला तर चव न लागता विरघळतो. खाली हात घातला की साखरेसारखा रवाळ, मुठीत धरला तर बोटांतून गळून जातो. गाडी जोर लावते आणि स्वतःचीच कबर खणते. या बर्फाला पट्टा कसा लावावा?

दीड महिन्याच्या काळोखानंतर सूर्य परवा डोंगराच्या कडेवर आला, असं गारेन म्हणाली. सगळे बाहेर उभे होते. मीही होतो.

अजून एक. तू पंधरा वर्षांची झालीस तेव्हा तुला पहिली गाडी दिली, आणि तू घरात न सांगता चाकू घेऊन तिच्या पट्ट्याच्या एका दातावर तुझी कानखूण कापलीस. तुझ्या हरणांच्या कानाला मालकीसाठी असते तीच, डावीकडे खाच आणि उजवीकडे तिरपी चीर. तेव्हा मी ओरडलो, की पट्टा म्हणजे काय वासराचा कान आहे का. पण पुढे तू दर नव्या पट्ट्यावर ती कापत गेलीस आणि मला तिची सवय लागली. पट्टा एकदा फिरला की बर्फात एकदा खूण उठते, दर पाच पावलांनी. तू कुठे गेलीस, कुठे थांबलीस, कुठे उगाच गोल फिरलीस, सगळं मला दारातून चार पावलं टाकली की कळायचं. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात तू तळ्याच्या पलीकडे जाऊन तासभर एकाच जागी थांबायचीस, तेही मला त्या खुणेनेच सांगितलं.

आता बाहेर पडलो की सवयीने मान खाली जाते. मिक्कलचा पट्टा असतो, गारेनच्या पोरांचे असतात.

इसात

*

त्रोंधाइम, २९ जानेवारी १९९५

बाबा,

रवाळ बर्फात उंच दात हवेत हे खरं, पण सगळे दात उंच असले तर पट्टा खणतो. एक ओळ उंच, एक ओळ बुटकी, असं ठेवा. आणि वेगाच्या खटक्यावर अंगठा हलका ठेवायला सांगा. पोरांना सांगा, इंजिन ओरडलं म्हणजे गाडी चालली असं नसतं. पट्टा दोन बोटं ढिला असू दे.

मी इथे एक गोष्ट करून बघतेय. बसच्या जुन्या टायरचं रबर कापून दात करते, तळाला लोखंडी पट्टी, दोन बोल्ट. खोल बर्फ आला की लावायचे, कडक बर्फ आला की सोडायचे. कापायचं काहीच नाही. कापलेलं रबर परत उगवत नाही, हे मला दोन वर्षं सुचतंय. कारखान्यातला मुख्य मिस्त्री म्हणतो, बसला बर्फात पोहायला शिकवतेस का. तो समुद्रकाठचा आहे, त्याला वाटतं बर्फ एकाच प्रकारचा असतो.

कानखुणेचं वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि कामावर गेले. दिवसभर काही धड झालं नाही. दोन नटांचे आटे बिघडवले. संध्याकाळी उठून खिडकीशी गेले तर खाली सगळा मीठ मारलेला चिखल. मला घरची आठवण येते, बाबा, एवढंच लिहिते.

आणि आता एक विचारते, एकदाच. त्या एप्रिलमध्ये घाटाखालच्या झोपडीत मी तुम्हाला विचारलं, बर्फाची खपली टिकेल का. तुम्ही बाहेर जाऊन आलात आणि म्हणालात, चार दिवस टिकेल, दात अर्धे काप, खिळे मार, लांब दातांचा पट्टा घरीच राहू दे, उगाच ओझं नको. मी कापले. दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर खपली फुटली आणि खाली नुसता चिखल. मी कळपाच्या पुढे, माझ्या मागे दोरीला म्होरक्या हरीण, आणि माझा पट्टा जागच्या जागी गुळगुळीत फिरतोय. म्होरक्या वळला, कळप वळला, गाभण माद्या नदीच्या चुकीच्या काठाला व्यायल्या. पूर आला. पिल्लं गेली.

मला सकाळी तो उतार करडा वाटला होता. मी बोलले नाही, कारण तुमचं बोलून झालं होतं. ती माझी चूक. पण तुम्ही त्या सकाळी काय पाहिलंत? आणि मग सगळ्यांसमोर माझ्यावर ढकलून मूग गिळून का बसलात?

राव्ना

*

ओर्दायाव्री, ५ मार्च १९९५

राव्ना,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला.

एक ओळ उंच, एक बुटकी, तसं केलं. पोरं खूश आहेत. लांडग्याने दोन हरणं नेली. गारेनच्या गुडघ्याने संप केलाय, जीभ मात्र कामावर आहे.

दुपारी आता छपरावरून थेंब पडतात. सकाळी काठी मारली की खण् वाजतं, दुपारी टप् वाजतं. यंदा खपली लवकर धरेल असं लोक म्हणतात. एप्रिलच्या शेवटी घाट चढायचा आहे. कडक बर्फासाठी पट्टे कधी बदलावे, दात किती ठेवावे, खिळे किती मारावे, कळव. यंदा चूक नको.

इसात

*

त्रोंधाइम, १७ मार्च १९९५

बाबा,

मी एक प्रश्न विचारला होता. तुम्ही मला लांडग्याची बातमी दिलीत.

आणि वर मलाच विचारता, दात किती कापावे. खण् वाजतं, टप् वाजतं. बर्फ कसा दिसतो ते एकाही पत्रात लिहिलं नाहीत. पुन्हा तेच, पोरीला आंधळी कोशिंबीर खेळवायची आणि तिने चुकीचं सांगितलं की सगळ्यांना दाखवायचं. यंदा चूक नको, म्हणे. गेल्या वेळची चूक कुणाची होती, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

कडक बर्फावर पट्ट्याच्या आतले प्लॅस्टिकचे रूळ तापून वितळतात, आतल्या छोट्या चाकांची एक जोडी वाढवा. एवढं सांगते, कारण त्यात हरणांचा जीव आहे. बाकी मिक्कलला विचारा. आता मला लिहू नका.

राव्ना

*

ओर्दायाव्री, २ एप्रिल १९९५

राव्ना,

लिहू नका म्हणालीस तरी लिहितोय. वाचायचं नसेल तर गारेनला परत पाठव, ती तुला वाचून दाखवायला बसने येईल.

अक्षर मोठं आहे ते तुला हिणवायला नाही. सुताराची पेन्सिल घेतो, खाली पट्टी धरतो आणि पट्टीच्या कडेने लिहितो. लहान लिहिलं तर मलाच दिसत नाही.

चार हिवाळे झाले. आधी वाटलं धुकं आहे. मग कळलं की धुकं फक्त मलाच आहे. माणसं दिसतात, दार दिसतं, काळं हरीण दिसतं. बर्फ दिसत नाही. म्हणजे पांढरं दिसतं, पण कडक काय, कुजलेला काय, करडा काय, निळा काय, सगळं एकच. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो, राव्ना. मी ऐकून, चाखून, हाताला लागेल ते लिहीत होतो, कारण माझ्याकडे तेवढंच उरलंय. आणि खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊकच असायचं. तुला पट्ट्याचं विचारलं की तू उत्तर देशील, दुसरं काही विचारलं तर देणार नाहीस, म्हणून विचारायचो. गारेन मला तुझी पत्रं वाचून दाखवते. जिथे तू मला शिव्या दिल्यास तिथे ती दोनदा वाचते.

आता तुझा प्रश्न. त्या सकाळी मी काही पाहिलं नाही. झोपडीबाहेर जाऊन काठी आपटली. तिथे सावली होती, खण् वाजलं. उताराकडे तोंड करून उभा राहिलो, जरा वेळ उभा राहिलो, म्हणजे बघतोय असं सगळ्यांना वाटावं. मग आत येऊन चार दिवस म्हणालो. आपल्यात जाणत्याने एकदा सांगितलं की बाकीचे बर्फाकडे बघत नाहीत, त्याच्याकडे बघतात. मिक्कलही बघत होता, तूही. मला ते माहीत होतं आणि तरी मी बोललो.

मग पिल्लं गेली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आंधळा माणूस जथ्याच्या पुढे राहत नाही. माझा बाप पुढे होता, त्याचा बाप पुढे होता. मला भीती वाटली. तू माझ्या शेजारी उभी होतीस, भिजलेली, आणि मी डांबराचं बोललो. तू एक शब्द उलट बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

परवा सगळे गारेनच्या स्वयंपाकघरात जमले होते, घाटाचा दिवस ठरवायला. मला विचारलं, तेव्हा मी उठून सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, मग पट्ट्याचं सांगितलं, की दात तिने माझ्या शब्दावर कापले आणि लांब पट्टा माझ्या शब्दावर घरी राहिला. रस्सा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. मग मिक्कल म्हणाला, इसात, हे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं. मी म्हटलं, होय. यंदा पुढे तो राहणार. मी मागच्या घसरगाडीत बसून जाणार, डब्यांबरोबर.

जूनमध्ये डॉक्टर बघणार आहे. एक डोळा कदाचित उजळेल म्हणतो, दुसऱ्याचं काही बोलत नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. तेवढं तोंड माझ्याकडे नाही. पण माहीत तुला असायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या आधी तुला.

इसात

*

त्रोंधाइम, ११ एप्रिल १९९५

बाबा,

पत्र वाचलं. रागावून झालं, रडून झालं, पुन्हा रागावले. आत्ता कुठे आहे ते मलाच कळत नाही. कधीतरी समोर बसून बोलू.

माझी गाडी छपराखाली आहे का, की दिलीत कुणाला? तिच्यावर पट्टा कोणता आहे, आणि दात किती उंच उरलेत? बोटांनी मोजून सांगा. काही नाही, सहज विचारते.

राव्ना

*

ओर्दायाव्री, १७ एप्रिल १९९५

राव्ना,

काही नाही, सहज उत्तर देतो.

गाडी छपराखाली आहे. तू गेलीस त्यानंतरच्याच हिवाळ्यात तिच्यावर लांब दातांचा पट्टा चढवून ठेवला, जो तेव्हा घरी राहायला नको होता. हाताने चाचपून चढवला, दोन दिवस लागले. दात अंगठ्याएवढे आहेत. मागून नवव्या ओळीत, डाव्या टोकाला, एकाला खाच आणि चीर आहे. तो मी आत्ताच बोटाने तपासून आलो. इतरांपेक्षा गुळगुळीत झालाय. गारेन म्हणते, रोज हात लावल्यावर होणारच.

टाकीत इंधन आहे. आम्ही चोवीस तारखेला निघतो. दुपारी टप् वाजतं.

इसात

*

घाटाखालची झोपडी, ३० एप्रिल १९९५, पहाटे

राव्ना,

तू समोरच्या बाकावर झोपली आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. पण सगळं आयुष्य मी तोंडाने तुझ्याशी फक्त हरणांबद्दल बोललो. लिहायला यंदाच शिकलो, तेव्हा हे शेवटचं लिहूनच सांगतो.

काल संध्याकाळी मी लवकर पडलो. घसरगाडीत डब्यांबरोबर बसून हाडं खिळखिळी झाली होती. झोपेत एक इंजिन ऐकलं. वाटलं, पोरं कळप बघून आली असतील. पहाटे जाग आली तेव्हा पायाला दारात फोडलेली लाकडं लागली, बारीक कोयत्याने सालं सोललेली, सकाळी चूल पेटवायला दुसऱ्यासाठी ठेवतात तशी. आपल्या पोरांपैकी एवढी बारीक सालं कोणी काढत नाही.

मी बाहेर आलो. कालचा मऊ बर्फ रात्रीत दगड झाला होता. समोर पांढरं होतं, नेहमीसारखं. मी काठी टेकत गेलो, आणि पायाला पट्ट्याचा माग लागला. गुडघ्यावर बसलो, हातमोजा काढला आणि मागावरून बोट फिरवत निघालो. एक ओळ उंच, एक बुटकी. म्हणजे तू ते बोल्टवाले दात लावून आलीस. पाच पावलं रांगलो. बोटं बधिर झाली. मग लागलं ते. डावीकडे खाच, उजवीकडे चीर, गोठलेली, धारदार. बोट कापलं माझं.

मी तसाच मागावरून पुढे गेलो, बहुतेक वेळ रांगतच. तू आधी झोपडीकडे आली नव्हतीस. आधी कळपाला पूर्ण वळसा घातलास, लहानपणी घालायचीस तसा. मग उताराच्या पायथ्याशी थांबलीस आणि खाली उतरलीस. तिथे तुझ्या बुटांचे ठसे होते आणि बर्फ तपासायला कोपरापर्यंत हात खुपसल्याचं एक भोक. मीही त्यात हात घालून बसलो थोडा वेळ. हरणं बघत होती. म्हातारा काय शोधतोय, असं त्यांना वाटलं असेल.

रागात असशील तर रागावलेलीच ऊठ, मला चालेल. मिक्कलने तुझी दात भरलेली पिशवी उघडून बघितली आहे आणि कुणी मागायच्या आत स्वतःसाठी वीस बाजूला काढले आहेत, तेवढं बघ.

आता कॉफी ठेवतो. सगळे चुलीभोवती जमतील आणि सवयीने माझ्याकडे तोंड करून विचारतील, आज घाट चढायचा का. मी म्हणणार आहे, राव्नाला विचारा. आणि तिचं सांगून झालं की प्रत्येकजण बाहेर जाऊन स्वतःही बघा. तुला जे दिसलं ते बोल. उतार करडा असेल तर करडा म्हण. मी म्हणालो असेन काहीही.

तुझ्या बुटांत ऊब राहायला नवं गवत भरलंय, उन्हाळ्यात तळ्याकाठी कापलेलं, मळून मऊ केलेलं. दोन वर्षं मी तुझ्या वाटचं गवत कापून ठेवत होतो, त्यातलं हे. पत्र उजव्या बुटात वर ठेवतो. पाय घालायच्या आधी काढून घे.

बाबा